पाण्याची चाल आणि अफवेची चाल



वर्षावास सुरू आहे. आमच्या शहाडच्या वस्तीतही दर रविवारी संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन होते. मागच्या पंधरवड्यातल्या रविवारी वाचन संपले, खीरदानाची पातेली उघडली, आणि तेवढ्यात दोन-तीन पोरांचे मोबाईल एकदम वाजले. मजकूर असा होता : "आज रात्री मुंबईत साडेचार मीटरची लाट येणार, त्सुनामी येणार, ठाणे-कल्याणपर्यंत पाणी भरणार, सर्वांना कळवा." कोणी पाठवला ते कोणालाच ठाऊक नव्हते. जो तो म्हणे, "मला दुसऱ्याने पाठवला."

आम्ही हसण्यावारी नेत होतो. पण आमच्या गल्लीतल्या एक मावशी, वय साठीच्या पुढचे, हातातली वाटी खाली ठेवून उठल्या. दोन्ही नातवंडांना त्यांनी घट्ट धरले आणि थरथरत म्हणाल्या, "पोरांनो, पळा म्हटलं तर पळू नका. जुहूला आम्ही असेच पळालो होतो." मग त्यांनी जे सांगितले, त्याने विहार गप्प झाला.

२००५ साली त्या जुहूच्या नेहरूनगर झोपडपट्टीत राहत होत्या. २६ जुलैच्या महापुरात घर बुडाले होते, अंथरूण-पांघरूण ओले, चूल बंद. दोन दिवसांनी, २८ जुलैच्या रात्री, कोणीतरी ओरडले की धरण फुटले. कोणी म्हणाले त्सुनामी आली. सारी वस्ती अंधारात अरुंद गल्ल्यांतून धावत सुटली. पाणी कुठूनच आले नाही. आली ती माणसांची लाट. त्या चेंगराचेंगरीत किमान १५ माणसे मेली, त्यांत लहान मुले होती. मावशींच्या शेजारणीचे मूल त्यांत गेले. मावशी म्हणाल्या, "पावसानं नाही मारलं, पाण्यानं नाही मारलं. एका शब्दानं मारलं."

त्या रात्री मुलांनी मला गाठले. "काका, तुम्ही पेपरात लिहिता. त्सुनामी खरंच शहाडला येईल का?" मी बी. कॉम. झालेला कारकून. समुद्राशी माझा संबंध सुट्टीत चौपाटीवर जाण्यापुरताच. पण मुलाने विचारलेला प्रश्न टाळायचा नाही, हे आपल्याला शिकवलेले आहे. तेव्हा वाचनालयात बसलो, जाणत्यांना विचारले, आणि जे कळले ते आज येथे मांडतो.

मुंबईची विसरलेली सकाळ

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. "मुंबईला त्सुनामी येऊच शकत नाही" असे छातीठोकपणे सांगणारे चुकतात. मुंबईला ती आलेली आहे. २८ नोव्हेंबर १९४५, बुधवार. पहाटे साडेतीनच्या सुमारास आजच्या पाकिस्तानातल्या मकरान किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळाखाली ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. सकाळी सव्वाआठच्या सुमारास मुंबईच्या किनाऱ्याला पाणी चढले, सुमारे दोन मीटर. त्या काळच्या नोंदींप्रमाणे वर्सोवा, जुहू, दांडा, हाजीअली या भागांत होड्या दोर तोडून वाहून गेल्या आणि सुमारे १५ माणसे समुद्राने ओढून नेली. वर्सोव्याचे लोक तर मासेमारीला गेलेले होते. बंदराच्या आतल्या बाजूला मात्र नुकसान झाले नाही.

पहाटे साडेतीन ते सकाळी सव्वाआठ म्हणजे जवळजवळ पावणेपाच तास. एवढा वेळ का लागला? येथे माझ्यातला कारकून जागा झाला. त्सुनामीच्या वेगाचे गणित सोपे आहे. समुद्राची खोली मीटरमध्ये घ्यायची, तिला ९.८ ने गुणायचे आणि वर्गमूळ काढायचे. येणारा आकडा म्हणजे लाट सेकंदाला किती मीटर जाते. तीन हजार मीटर खोल समुद्रात हा वेग तासाला सुमारे ६१७ किलोमीटर होतो, म्हणजे विमानाच्या जवळपास. पण मुंबईसमोरचा समुद्र फसवा आहे. किनाऱ्यापासून सुमारे तीनशे किलोमीटरपर्यंत तळ उथळ आहे, जणू पाण्याखाली घातलेला लांब ओटा. तेथे सरासरी सत्तर मीटर खोली धरली, तर वेग तासाला ९४ किलोमीटरवर येतो.

मकरान ते मुंबई साधारण बाराशे किलोमीटर धरू. नऊशे किलोमीटर खोल पाण्यात : दीड तासाला थोडे कमी. उरलेले तीनशे उथळ पाण्यात : तीन तास दहा मिनिटे. बेरीज चार तास चाळीस मिनिटे. प्रत्यक्षातल्या वेळेपेक्षा फरक पाच-दहा मिनिटांचा! वहीत हा हिशेब जुळला तेव्हा, खरे सांगतो, अंगावर काटा आला. निसर्ग जमाखर्च चुकवत नाही.

या हिशेबाचा अर्थ आपल्या जगण्याशी आहे. मकरानकडून लाट निघाली, तर मुंबईला चार तासांहून अधिक अवधी मिळतो. १९४५ साली तो अवधी होता, पण सांगणारे कोणी नव्हते. वर्सोव्याचे ते लोक जाळे टाकत होते, तेव्हा त्यांच्या मरणाची वर्दी तासन् तास समुद्रातून चालत येत होती.

लाट म्हणजे काय, आणि काय नाही

"त्सुनामी" हा जपानी शब्द. त्सु म्हणजे बंदर, नामी म्हणजे लाट. रोजची लाट वारा उठवतो. तो पाण्याचा वरचा पापुद्राच हलवतो. त्सुनामीत समुद्राचा तळच वर-खाली होतो आणि तळापासून पृष्ठभागापर्यंतचे सारे पाणी ढकलले जाते. खोल समुद्रात तिची उंची हातभरही नसते. होडीतल्या कोळ्याला ती जाणवतसुद्धा नाही. उथळ पाण्यात आली की पुढचे पाणी मंदावते, मागचे त्यावर चढते आणि उंची वाढते. दादरला जिना अरुंद झाला की लोकलमधून उतरलेली गर्दी कशी साचून फुगते, तसेच.

आता त्या मोबाईलवरच्या "साडेचार मीटर" लाटेचे पाहू. पावसाळ्यात महापालिका मोठ्या भरतीचे दिवस जाहीर करते. साडेचार मीटरहून मोठी भरती, असे त्यात लिहिलेले असते. ती लाटेची उंची नसते. ठरावीक खुणेपासून भरतीचे पाणी किती वर येईल, त्याचा तो आकडा असतो. हे पाणी सावकाश, सहा तासांत चढते आणि सहा तासांत उतरते. दर महिन्याला अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मोठी भरती येतच असते. पण बातमी देणारे "साडेचार मीटरच्या लाटा उसळणार" असे लिहून मोकळे होतात आणि त्यातून कोणीतरी त्सुनामी तयार करतो. आमच्या विहारातली त्सुनामी अशीच जन्मली होती.

हंड्यातली डचमळ

दुसरा प्रकार मला आमच्या आजीमुळे कळला, असे म्हटले तरी चालेल. आजी गावाकडे लांबून पाणी आणायची. तिच्या काळी विहीर आपल्यासाठी नव्हती, ओढ्यावर जावे लागे. भरलेल्या हंड्यात ती कडुलिंबाची डहाळी टाकायची. आम्ही विचारले, की म्हणायची, "पाणी डचमळत नाही." चालीचा ठेका आणि हंड्यातल्या पाण्याचा झोका जुळला, की पाणी काठावरून उडते, डहाळी तो झोका मोडते.

हीच डचमळ तलावात, खाडीत, बंदरात होते. शास्त्रज्ञ तिला "सेश" म्हणतात. शब्द स्वित्झर्लंडमधला आहे. तेथल्या जिनिव्हा सरोवराचे पाणी एका टोकाला चढते आणि दुसऱ्या टोकाला उतरते, हे फोरेल नावाच्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात मोजून दाखवले. त्या सरोवराचा एक झोका सुमारे ७३ मिनिटांचा असतो. वारा, हवेचा दाब किंवा भूकंप, कोणीही धक्का दिला तरी प्रत्येक तलाव आपल्याच ठेक्याने झुलतो. १५ ऑगस्ट १९५० रोजी आसामात महाभूकंप झाला, तेव्हा हजारो किलोमीटर दूर नॉर्वेच्या खाड्यांमधले पाणी हलले होते. २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळच्या भूकंपात काठमांडूच्या पोहण्याच्या तलावांतले पाणी काठावरून उसळताना अनेकांनी टीव्हीवर पाहिले.

डचमळ एका झोक्यात थांबत नाही. पिंप हलवून सोडा. पाणी किती वेळ हलत राहते ते पहा. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मुंबई आणि कराचीच्या भरतीमापक यंत्रांवरच्या १९४५ च्या जुन्या नोंदी तपासल्या आणि २०११ साली त्यावर लिहिले. किनाऱ्यालगतच्या उथळ ओट्यात लाटा अडकून पडतात, पुन्हा पुन्हा येत राहतात, असे त्यांना दिसले. यातून शिकायचे ते एवढेच : पहिली लाट ओसरली म्हणून भांडी-कपडे गोळा करायला परत जायचे नाही. दुसरी, तिसरी लाट मोठी असू शकते.

पोटातल्या लाटा

तिसरा प्रकार डोळ्यांना दिसत नाही. बाटलीत अर्धे पाणी आणि वर रॉकेल किंवा गोडे तेल भरा, बूच लावा आणि हळूच तिरकी करा. तेलाचा वरचा भाग फारसा हलत नाही, पण तेल आणि पाणी जेथे भेटतात तेथे मोठी, आळशी लाट झुलते. समुद्रातही वर उबदार, हलके पाणी आणि खाली थंड, जड पाणी असते. त्यांच्या सीमेवर अशा अंतर्गत लाटा चालतात. आपल्या अंदमानच्या समुद्रात त्या जगातल्या मोठ्यांपैकी आहेत. पन्नास-साठ मीटर, म्हणजे पंधरा-वीस मजली इमारतीएवढ्या. आणि वर जहाजावरच्या माणसाला काय दिसते? खळबळत्या पाण्याचा एक लांब पट्टा, बस्स.

हवेतही असेच होते. पावसाळी वारा सह्याद्रीला धडकून वर चढतो आणि पलीकडे उतरताना झोके घेत जातो. कधी आभाळात नांगरटीसारखे ढगांचे समांतर पट्टे दिसतात, त्यांतले काही अशा हवेच्या लाटांचे असतात. १५ जानेवारी २०२२ रोजी प्रशांत महासागरातल्या टोंगा बेटांजवळ ज्वालामुखी फुटला, तेव्हा हवेच्या दाबाची लाट साऱ्या पृथ्वीला फेरी मारून गेली. जगभरच्या वायुभारमापकांनी तिची नोंद केली. आपण मात्र त्या वेळी आपापल्या कामात होतो. कानालाही कळले नाही.

मला या पोटातल्या लाटांवरून एक गोष्ट सुचते. वर शांत दिसणाऱ्या पाण्याखाली काय चालले आहे, हे मोजल्याशिवाय कळत नाही. समाजाचेही तसेच आहे. त्याचा पुरावा २००४ सालच्या त्सुनामीनेच दिला.

पाण्याने भेद केला नाही, माणसांनी केला

२६ डिसेंबर २००४, रविवार. सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे अडीच तासांनी लाटा तामिळनाडूच्या किनाऱ्यावर आदळल्या. एकट्या नागपट्टिणम् जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे गेली. अडीच तास हाती होते, पण इशारा देणारी यंत्रणा हिंदी महासागरात नव्हती.

लाट कोळ्याचे घर, दलिताचे घर असे पाहून आली नाही. पण नंतरचे ऐका. कुजलेली प्रेते उचलायला माणसे हवी होती, तेव्हा दुसऱ्या गावांच्या नगरपालिकांतून सफाई कामगार आणले गेले. त्यांत बहुसंख्य दलित होते. मदत छावण्यांत दलित कुटुंबांना वेगळे ठेवले गेले, पाण्याला हात लावू दिला नाही, मदत कमी मिळाली, अशा तक्रारी वर्तमानपत्रांनी आणि मानवी हक्क संघटनांनी नोंदवल्या. आणखी एक बाब, जी कारकुनाच्या नजरेला लगेच दिसते. होडी गेली त्याचा पंचनामा झाला. पण खारे पाणी शिरून शेते नासली, तेव्हा त्या शेतांवर मजुरी करणाऱ्यांची मजुरी गेली. ती कोणत्या रकान्यात लिहायची? ज्याच्या नावावर होडी नाही, जमीन नाही, घराचा कागद नाही, त्याचे नुकसान नोंदवहीत दिसतच नाही.

म्हणून एक कायद्याचे कलम लिहून ठेवा. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५, कलम ६१ : नुकसानभरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. हे कलम दाराशी आलेल्या तलाठ्याला, अधिकाऱ्याला शांतपणे, पण नावानिशी सांगता आले पाहिजे.

खऱ्या वार्तेने वाचलेले गाव

त्याच दिवसाची दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. पुदुच्चेरीजवळ नल्लवाडू नावाचे कोळ्यांचे गाव आहे. त्या गावचा एक तरुण सिंगापूरला कामाला होता. त्याने त्सुनामीची बातमी पाहिली आणि गावाकडे फोन केला. गावात स्वामिनाथन प्रतिष्ठानने चालवलेले माहिती केंद्र होते, तेथे लाऊडस्पीकर होता. त्यावरून पुकारा झाला, लोक किनाऱ्यापासून दूर गेले आणि साडेतीन हजारांहून अधिक वस्तीचे गाव वाचले. सुमात्राजवळच्या सिमेलू बेटावरही असेच. १९०७ साली तेथे मोठी लाट आली होती. ती आठवण आजी-आजोबांनी नातवंडांपर्यंत पोचवली होती. जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे हटला, की डोंगराकडे जायचे. २००४ साली सुमारे ७८ हजार लोकवस्तीच्या त्या बेटावर लाटेने फक्त सात बळी घेतले.

नेहरूनगर आणि नल्लवाडू यांच्यात फरक काय? दोन्हीकडे गरीब माणसे, दोन्हीकडे एक ओरड. एकीकडे ती ओरड कोणी दिली, कुठून आली, कोणालाच ठाऊक नव्हते. दुसरीकडे बातमी पाहणारा ओळखीचा होता, सांगण्याची जागा ठरलेली होती, जाण्याची दिशा ठरलेली होती. ऐकीव गोष्ट, केवळ सगळे म्हणतात म्हणून, खरी मानू नये, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. तो मोबाईललाही तंतोतंत लागू आहे.

मग शहाडचे काय?

मुलांच्या प्रश्नाचे उत्तर राहिले. उल्हास नदी आपल्या शहाडवरून कल्याणच्या खाडीत आणि पुढे वसईच्या खाडीतून समुद्रात जाते. तो वळणावळणाचा, गाळाचा, चाळीसएक किलोमीटरचा मार्ग आहे. त्सुनामीची लाट एवढे अंतर तोडून शहाडच्या घरांत शिरेल, याची भीती बाळगण्याचे कारण नाही. पण आपली नातीगोती वर्सोव्याला, जुहूला, उरणला आहेत. आपल्या बायाबापड्या तिकडे कामाला जातात. त्यांना हे ठाऊक हवे.

शहाडचा खरा धोका आहे तो पुराचा. वर मुसळधार पाऊस, खाली मोठी भरती. नदीचे पाणी खाडीत उतरत नाही आणि वस्तीत पसरते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दुपारी सुमारे साडेचार मीटरची भरती होती. २७ जुलै २०१९ ला याच उल्हासच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले. म्हणून भरतीच्या तक्त्याला घाबरू नका, त्याचा उपयोग करा. मोठ्या भरतीच्या दिवशी पाऊस धरून राहिला, तर रेशनकार्ड, आधारकार्ड, जातीचा दाखला, मुलांचे शाळेचे दाखले, औषधे पिशवीत बांधून माळ्यावर ठेवा.

समुद्रकाठी असताना जमीन बराच वेळ हलली, किंवा पाणी एकाएकी नेहमीपेक्षा फार मागे हटले, किंवा समुद्राकडून गाडी आल्यासारखा आवाज झाला, तर इशाऱ्याची वाट न पाहता उंच जागी जा. मासे वेचायला थांबू नका. मात्र मकरानसारख्या लांबच्या भूकंपाचा हादरा आपल्याला जाणवेलच असे नाही. तेव्हा अधिकृत इशाराच कामाचा. हैदराबादच्या इन्कॉईस या केंद्र सरकारच्या संस्थेत ऑक्टोबर २००७ पासून त्सुनामी इशारा केंद्र चालू आहे. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आणि तातडीच्या मदतीचा ११२. निरोप आला, तर आधी तेथे विचारा, मग शेजाऱ्याला सांगा.

आमच्या विहारात गेल्या रविवारी एक ठराव झाला. फळ्यावर हे दोन क्रमांक आणि महिन्याच्या मोठ्या भरतीचे दिवस लिहायचे. वस्तीत धोक्याचा निरोप द्यायचा झाला, तर तो विहाराच्या लाऊडस्पीकरवरूनच आणि क्रमांकावर विचारून झाल्यावरच. पळायचे नाही, चालायचे. मुले, म्हातारी, गरोदर बाया पुढे, तरणे मागे. फळ्यावर लिहिण्याचे काम आठवीतल्या एका मुलीने मागून घेतले आहे.

ठराव वाचून झाला तेव्हा मावशी म्हणाल्या, "त्या रात्री आमच्या गल्लीत एवढा एक फळा असता, तर शेजारणीचं पोर आज वीस-बावीस वर्षांचं असतं."

फळा दीडशे रुपयांना मिळतो. खडू शाळेत मागितले तरी मिळतात. आपल्या वस्तीत तो लावला आहे काय, ते पुढच्या रविवारी पहा, आणि नसेल तर लावा.

जयभीम!